लिंबांचे व्याही

अकोल्याच्या जुन्या शहरात उत्तमरावांचा लिंबाच्या लोणच्याचा कारखाना होता. मध्यप्रांतात पार रायपूरपर्यंत त्यांच्या बरण्या जात. लिंबं यायची अंजनगावच्या देवीदासांच्या बागेतली. गाडी दारात आली की दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं, खराब लिंबं तिथल्या तिथे परत जायची आणि मग दोघं हसत जेवायला बसायचे. असा माणूस हातचा जाऊ नये म्हणून उत्तमरावांनी देवीदासांची कौसल्या सून करून घेतली.

लग्नानंतरची पहिली गाडी आली. वर पिवळीजर्द लिंबं, खाली हिरवीगार कच्ची संत्री. उत्तमरावांनी भांडायला तोंड उघडलं.

"पोरगी सुखात हाये ना, इवाईबुवा?" देवीदासांनी हात जोडून विचारलं.

उघडलेल्या तोंडातून "चला, शिरा खायला" एवढंच निघालं.

लोणचं कडू झालं. अमरावतीच्या दुकानदाराने बरण्या परत पाठवल्या आणि हे औषध कोणत्या रोगावर चालतं, अशी चौकशीही केली.

"सांगून टाका ना एकडाव," सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"काय सांगू? सुनेच्या बापाले का लिंबं फेकून मारू?"

तरी पुढच्या खेपेला त्यांनी आडून सुचवलं, "यंदाचा माल काही येगळाच हाये बुवा." देवीदासांना ती तारीफ वाटली. त्यांनी दोन गाड्या धाडल्या. त्यांत लिंबं शोधावी लागत होती.

शेवटी उत्तमरावांनी पुंजाराम नावाच्या माळ्याकडून गुपचूप लिंबं घेतली आणि कोणाला दिसू नयेत म्हणून पोती देवघरात रचली. नेमके त्याच दिवशी देवीदास लेकीला भेटायला आले, आंघोळ करून नमस्काराला आत शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. उत्तमरावांनी डोकावून पाहिलं, तर व्याही पोत्यावर बसलेले.

"ही लिंबं कोनाची?"

"पुंजारामची," उत्तमराव खाली मान घालून म्हणाले. "चुकलं माहं. पन तुमाले बोलायची हिंमत होईना."

"म्हंजे माही लिंबं तुमाले नाही पायजेत?"

"नाही."

देवीदासांनी पुन्हा देवाला हात जोडले. "सुटलो बाप्पा. माही लिंबाची झाडं लग्नाच्याच साली वाळली. पोरीच्या सासऱ्याले नाही कसं म्हनू? म्हनून इकत घेऊन धाडून राहिलो. कमी पडली का घरची संत्री भरतो."

"इकत? कोनापासून?"

"पुंजारामपासूनच."

दोघं इतके हसले की कौसल्या घाबरून धावत आली. पाठोपाठ सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या. झाला प्रकार त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"पुंजाराम मानूस चांगला दिसते," त्या म्हणाल्या. "त्याचा पोरगाबी लग्नाचा हाये म्हनतात. आपल्या लेकीसाठी, बेबीसाठी..."

"नाही," दोन्ही व्याही एकदम म्हणाले.