सगळ्यांची अक्कलदाढ

'उद्या सकाळी आपली अक्कलदाढ काढायची आहे. उपाशीपोटी यावे.' हा मेसेज नव्या बाईंच्या स्वतःच्याच फोनवर जायचा होता, नुसता चाचणीसाठी. तो गेला झाडून सगळ्या पेशंटना.

दातांच्या दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देणाऱ्या या कंपनीत बाई नुकत्याच लागल्या होत्या. मुलं मोठी झाल्यावर मोठ्या मुश्किलीने मिळालेली नोकरी, आणि तीही अजून कच्ची. तोवर फोन घणघणायला लागले होते. एक गृहस्थ विचारत होते, "डावी की उजवी?" एक डॉक्टर विचारत होते, "एवढ्या लोकांना बसवू कुठे?"

"हे मी..." बाई उभ्या राहिल्या.

"बसा हो," टीमच्या प्रमुख, ज्यांना सगळे ताई म्हणत, त्या म्हणाल्या. "आधी निस्तरू. आपल्याकडे 'कोणी केलं' असं विचारत नाहीत. 'कसं झालं' विचारतात."

असली वाक्यं भिंतीवर लावायला बरी असतात. ही मंडळी मात्र ती खरोखर पाळायची, आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. स्क्रीन कशी दिसावी हे ठरवणारा चित्रकार लगेच म्हणाला, "चाचणीचं बटण आणि खरं बटण मीच शेजारी-शेजारी ठेवलंय. दोन्ही हिरवी. छान दिसतात म्हणून."

टीममधला सगळ्यात जुना दाढीवाला डोकं खाजवत म्हणाला, "पाठवायच्या आधी 'नक्की ना?' असं विचारलं जायचं. मला वैताग यायचा, म्हणून मी ते काढून टाकलं."

बाईंना वाटलं, आपल्याला वाचवायला खोटं बोलताहेत बिचारे. पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. बाई माफीचा मेसेज लिहायला बसल्या.

तेवढ्यात दार ढकलून मोठे साहेब आले. मेसेज त्यांच्या सासूबाईंनाही गेला होता, आणि सासूबाईंच्या तोंडात औषधालाही दात नव्हता.

"कोणी केलं?"

"साहेब, झालं असं की..." ताई म्हणाल्या.

"असं-तसं नको. नाव सांगा. आजच्या आज घरी पाठवतो!"

"मी, साहेब," बाई उठल्या. मान वर होती.

"अहो, शेंबड्या पोराला जमेल हे!" साहेब बाईंच्या खुर्चीत बसले. "हे बघा, असं लिहायचं. 'हा मूर्खपणा कोणाचा ते मला कळलंच पाहिजे.' आणि हे चाचणीचं बटण..."

"साहेब, ते नाही!" सगळे एकदम ओरडले.

साहेबांनी दाबलं होतं, तेही खरं बटण.

कोणीही हसलं नाही. चित्रकाराने गाल आतून चावला, दाढीवाला छताकडे बघू लागला, पण हसलं कोणी नाही. अशा वेळी हसू दाबायला केवढी ताकद लागते ते ज्याने दाबलंय त्यालाच ठाऊक.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "हे... हे कसं झालं?"

"माझ्यामुळे," चित्रकार म्हणाला. "रंग बदलायचा राहिलाय अजून."

"सरका, साहेब," बाईंनी दुसरी खुर्ची ओढली. "माफीचा मेसेज तयार आहे. त्यात फक्त एक ओळ वाढवते."

ताईंनी तो वाचला, दाढीवाल्याने वाचला, मगच गेला. इतक्यात साहेबांचा फोन वाजला. सासूबाई! साहेब फोनकडे बघत बसले, उचलेनात. शेवटी बाईंनीच हात पुढे केला. "द्या इकडे."

पलीकडचा आवाज असा खणखणीत की खोलीभर ऐकू आला. "मूर्ख कोणाला म्हणताय, जावईबापू?"

"आजी, मी ऑफिसातून बोलतेय. तो मेसेज चुकून गेला हो, आमच्याकडून."

"आमच्याकडून म्हणजे कोणाकडून?"

बाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान खाली घातली.

"आमच्या सगळ्यांकडून, आजी."

सासूबाईंचा आवाज जरा खाली आला. मग, "बरं, असू दे. होतं असं कधीकधी."

साहेबांनी फोन परत घेतला, रुमालाने कपाळ पुसलं आणि ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "यांना पक्कं करून टाका, आजच. सासूबाई ज्यांचं ऐकून घेतात अशी माणसं मिळतात कुठे?"