शब्द घरी परतला पाहिजे

“बाबा, चोई अंकल कामातून गेले. नात विचारते, ‘जेवलात का?’ आणि हे डिक्शनरी बडवत बसतात. मी त्यांच्या मुलीला कळवतोय, त्यांना एज्ड केअरमध्ये ठेव म्हणून.”

हे आमच्या चिरंजीवांचे, निखिलचे, निदान. तो आयटीत आहे. त्यामुळे स्मृतिभ्रंश आपल्याला दुरूनही ओळखता येतो, असा त्याचा समज आहे. मी हे निदान साफ अमान्य करतो.

चोई हे इथे परदेशात, वेरिबीतले आमचे कुंपणापलीकडचे शेजारी. कोरियन, विधुर, माझ्याच वयाचे. मुलगी जपानात नांदते आणि नातीला जपानीखेरीज काही येत नाही. म्हणून या गृहस्थाने सत्तरीत जपानी शिकायला घेतली. सकाळी व्हरांड्यात दोन जाडजूड कोश उघडायचे. एकात जपानी शब्दाचा कोरियन अर्थ काढायचा. मग तो कोरियन शब्द दुसऱ्या कोशात शोधून मूळ जपानी शब्द पुन्हा हाती लागतो का, ते पाहायचे. लागला, की कुंपणावरून आरोळी: “होम!” न लागला, तर चेहऱ्यावर सुतक.

“मिस्टर देशमुख, शब्द घरी परतला पाहिजे,” ते मला बजावत. “न परतणारा शब्द मी नातीला देत नाही.”

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. पण शब्दांचा इतका छळ मीही केला नाही.

पुढे लॉकडाऊन लागले, सीमा बंद झाल्या. माणसेच घरी परतेनात, तेव्हा ती आरोळी ऐकवेना. चोईंना निदान रोज दुपारी टॅब्लेटवर नात दिसे. माझी नात भिंतीपलीकडे असूनही बंद दारामागून “लेटर, आजू” एवढेच म्हणते. शाळेत तीही जपानी शिकते. तिनेच बापाकडे चुगली केली: पोरगी अगदी सोपे विचारते आणि आजोबा उत्तर द्यायचे सोडून इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी काढतात.

ते खरे आहे. मीही पाहिले आहे. चोई कळा दाबत राहत आणि पलीकडे ती पोर पडद्याला नाक लावून वाट पाही. शेवटी अचूक उत्तर मिळाले, की तिचे “बाय-बाय” ठरलेले. मग काळ्या पडद्यापुढे चोई कितीतरी वेळ बसून असत.

“सकाळी ज्याला सारे येते, तो दुपारी विसरतो कसा?” मी निखिलला विचारले.

“डिमेन्शियात तसंच असतं बाबा. तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

टेन्शन मी घेत नाही. मी पुरावा घेतो.

काल चोई माझ्यासाठी किमचीच्या लोणच्याची बरणी आणायला आत गेले. डिक्शनरी कुंपणाच्या कठड्यावर राहिली होती. ‘आजोबा’ला जपानीत काय म्हणतात ते पाहावे, म्हणून मी ती उघडली. कळ दाबली. पडदा उजळेना. पालथी करून मागचे झाकण सरकवले.

निखिलने त्या मुलीला काही कळवण्यापूर्वी एवढे ऐकून घ्यावे: आत सेलच नव्हते.