बादशाची येळवस

अण्णारावांच्या घरी कुत्र्याचं पिल्लू येऊन तीन महिने झाले होते आणि अण्णारावांनी अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

हे बोलण्यापुरतं नव्हे, खरोखरच पाहिलं नव्हतं. पिल्लू आलं त्या संध्याकाळी त्याने मेव्हण्याच्या लग्नातला मानाचा फेटा एका बाजूने खायला घेतला आणि अर्ध्यावर आल्यावर तिथंच झोपलं. अण्णाराव कडाडले, "आजपासून मी ह्याचं तोंड बघणार न्हाई!" शिरूर अनंतपाळमध्ये अण्णारावांचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवसापासून ते घरातून निघताना पिल्लाच्या बाजूच्या गालावर टॉवेल धरून निघू लागले. गल्लीला वाटलं, दाढ दुखतेय. ईश्वरप्पाने तर दोनदा लवंगा पाठवल्या.

पिल्लू आणलं होतं वैजनाथने, म्हणजे त्यांच्या चिरंजिवांनी. लातूरच्या ज्या माणसाकडून आणलं, त्याने शपथेवर सांगितलं होतं की हे अस्सल लॅब्राडोर आहे. महिन्याभरात पिल्लाचे कान उभे राहिले, तेव्हा वैजनाथने मित्रांच्या ग्रुपवर जाहीर केलं, "भावांनो, जर्मन शेफर्ड निघाला!" पुढच्या आठवड्यात एक कान परत खाली पडला. मग पाय लांब व्हायला लागले, कंबर आत गेली आणि वैजनाथला रात्रभर झोप लागली नाही. कारवान! आपल्या मातीतला शिकारी कुत्रा! जात अजून पक्की व्हायची होती, पण जी काही होईल ती भारीच होईल, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने नाव ठेवलं बादशा.

अण्णाराव त्याला 'ते' म्हणत.

"ते घरात कशाला ठिवलंय?" त्यांनी एका सकाळी भिंतीला विचारलं. पिल्लू पायाशी असल्यामुळे ते भिंतीकडे बघत होते. "काय काम करतंय ते?"

"राखण करतंय की, अण्णा."

"मग येळवसला कळंल. सगळं गाव रानात असतंय त्या दिवशी. ह्यानं दिवसभर उंबरा राखला तर राहील. सांच्याला मी आलो आन ते उंबऱ्यावर दिसलं न्हाई, तर किल्लारीच्या मामाकडं जाईल. कायमचं."

"दिसलं म्हंजी?" जगदेवीबाई चुलीपुढून म्हणाल्या. "तुम्ही तर त्याचं तोंड बघत न्हाई."

"शेपूट बघीन," अण्णाराव म्हणाले आणि टॉवेल धरून निघून गेले.

त्या दिवसापासून वैजनाथने कंबर कसली. मोबाईलवर कुत्रा शिकवण्याचे व्हिडिओ बघून बघून त्याचा डेटा दुपारीच संपू लागला. पद्धत सोपी होती. "बैस" म्हणायचं, बसला की शेंगदाणा द्यायचा. "हलू नको" म्हणायचं, हलला नाही की शेंगदाणा द्यायचा. "सुटलास!" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. अडचण एकच होती. जगदेवीबाई बसला तरी भाकरी देत आणि उठला तरी देत.

"आई, अशानं कसा शिकंल तो?"

"शिकला न्हाई तर चालंल. वाळला न्हाई पायजे."

तरीही बादशा शिकला. नुसता शिकला नाही, त्याला ते वेड लागलं. एकदा वैजनाथ त्याला "बैस, हलू नको" म्हणाला आणि फोन आला म्हणून तसाच लातूरला गेला. संध्याकाळी परत येऊन बघतो तर बादशा जागच्या जागी. शेजारची मांजर त्याच्या वाटणीचं दूध पिऊन त्यालाच टेकून झोपली होती. अंगणातल्या चिमण्या बघाव्यात तसा बादशा निर्विकारपणे समोर बघत होता. वैजनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. जगदेवीबाईंनी तर त्याला बसल्या जागेवरून उचलून चुलीजवळ ठेवला, तरी तो हवेतही बसलेलाच राहिला.

"आता किल्लारी विसरा," वैजनाथ म्हणाला.

येळवस, म्हणजे रानात जाऊन पूजा करायची आणि तिथंच जेवायची वेळ अमावास्या, उजाडली. सकाळपासून बायकांच्या डोक्यांवर आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागरी, आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची पातेली निघाली. दहा वाजेपर्यंत गाव असं ओस पडलं की एसटीचा कंडक्टर स्टँडवर उतरून स्वतःलाच तिकीट विचारेल. वैजनाथने दाराला कुलूप लावलं, बादशाला उंबऱ्यावर नेलं, "बैस. हलू नको," म्हणाला आणि खिडकीत जुना मोबाईल कॅमेरा चालू करून ठेवला. रानात बसून घर दिसणार होतं.

रानात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर यायची. अण्णाराव कडब्याच्या छोट्या खोपटात, कोपीत, पाच दगडांचे पांडव पूजत होते, जगदेवीबाई बाजरीचे उंडे मांडत होत्या आणि वैजनाथ कठड्यावर एका पायावर उभा होता.

"त्यो पूजेला का येईना?" अण्णारावांनी विचारलं.

"विहिरीचं पाणी बघलालाय," जगदेवीबाई म्हणाल्या.

मोबाईलमध्ये बादशा बसला होता. पुतळा परवडला. वैजनाथला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात पडद्यावर एक टेम्पो येऊन थांबला. शेजारचा मलप्पा उतरला, मागून त्याची बायको रुद्राणी.

"अगं हे बघ! ह्येला एकट्यालाच ठिवून गेले!" मोबाईलमधून मलप्पाचा आवाज आला. "येळवसला कुणी घरी बसतंय का?"

"उचला त्येला," रुद्राणी म्हणाली. "आजच्या दिवशी दारात कुणी उपाशी राहिलं तर आपल्याला पाप."

"चल रं बाळा. ऊठ."

बादशा उठला नाही. त्याला हलायचं नव्हतं. मलप्पाने त्याला अलगद उचललं आणि तो बसलेल्या अवस्थेतच टेम्पोत गेला. टेम्पो निघाला. पडद्यावर नुसता उंबरा उरला.

वैजनाथ विहिरीत पडता पडता राहिला.

"अण्णा, मी जरा मलप्पाकाकांच्या रानात जाऊन येतो!"

"जा की. आज बोलावल्याबिगरच जायाचं असतंय," अण्णाराव म्हणाले. "मीबी निघणारच हाय चार रानं करून यायला."

वैजनाथ बांध तुडवत पळाला. संध्याकाळच्या आत बादशाला शोधायचं, घरी न्यायचं, उंबऱ्यावर बसवायचं. एवढंच. काही अवघड नव्हतं.

"काका, आमचा बादशा..."

"आधी बस."

"काका, घाई हाय, तो कुत्रा..."

"येळवसला उभ्यानं बोलत न्हाईत, वैजनाथ. बस."

वैजनाथ बसला. आंबिलीचा तांब्या आला. भज्जी आली, उंडे आले, शेंगदाण्याची पोळी आली. त्याने पोळी दोन घासांत संपवली, म्हणून रुद्राणीने आणखी दोन वाढल्या. तांब्या रिकामा झाला तेव्हाच मलप्पा बोलला.

"त्यो व्हय? जेवला पोटभर. लई गुणाचं लेकरू. मग कोंडाबाईच्या रानात दिला त्येला."

"दिला म्हंजी?"

"तिच्याकडं यंदा एकबी पाव्हणा आला न्हवता. बरं वाटंल म्हणलं तिला. लॅब्राडोर हाय न्हवं?"

कोंडाबाईचं रान ओढ्यापलीकडे. वैजनाथ पळाला, पण आता आंबीलही त्याच्याबरोबर पळत होती आणि तिचा आवाज येत होता.

"कोंडामावशी, मी फक्त इचारायला आलोय. जेवून आलोय."

"मलप्पाकडं जेवलास?" कोंडाबाईने कमरेवर हात ठेवले. "आन आमच्याकडं न्हाई? आमची आंबील काय नासलेली हाय?"

वैजनाथ बसला. कोंडाबाईची आंबील तिखट होती आणि तांब्या मोठा होता. तिसऱ्या उंड्याला त्याने पट्टा सैल केला, पाचव्याला काढून खांद्यावर टाकला.

"तुझा जर्मन लई शिस्तीचा बघ," कोंडाबाई कौतुकाने सांगत होती. "वाढलं तेवढं खाल्लं. जागा सोडली न्हाई. आमच्या जावयानं असं बसून दाखवावं."

"मग आता कुठं हाय तो?"

"ईश्वरप्पा येऊन मोटरसायकलीवर घेऊन गेला. मागं बसवला. लई ऐटीत गेला."

ईश्वरप्पाचं रान जवळच होतं, पण वैजनाथला आता पळता येत नव्हतं. चालताना तो दोन्ही हातांनी पोट धरून चालत होता, आतलं सांडेल अशी भीती वाटत होती. ऊन उतरायला लागलं होतं. कोपीपाशी पोचला तेव्हा आतून हशा ऐकू आला आणि त्या हशातून एक आवाज वर आला. तो आवाज ऐकून वैजनाथच्या पोटातली आंबील गोठली.

"ह्याला म्हणायचं जनावर!"

आवाज अण्णारावांचा होता.

वैजनाथने कडब्याच्या फटीतून पाहिलं. मधोमध घोंगडीवर बादशा बसला होता आणि अण्णाराव स्वतःच्या हाताने त्याला उंडा भरवत होते. तोंडाकडे टक लावून बघत होते. टॉवेल बाजूला पडला होता. पहिल्या संध्याकाळी ओझरतं दिसलेलं, बुटाच्या खोक्यात मावणारं ते पिल्लू आणि हा लांबोडका कुत्रा एकच आहेत, हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

"कुणाचं हाय रं हे?" अण्णारावांनी विचारलं.

"काय ठावं," ईश्वरप्पा म्हणाला. "कोंडाबाईकडं व्हतं. येळवसला पाव्हण्याला कुठून आलास म्हणून इचारतात व्हय?"

वैजनाथ आत शिरला. बादशाचं शेपूट जोरजोरात हललं, पण बूड हललं नाही.

"बघ! बघ!" अण्णाराव लेकावर ओरडले. "अनोळखी माणसाकडं बघून शेपूट हलवलं, पण जागा सोडली का? आन तुझं ते?"

"ते... घरीच असंल, अण्णा."

"असंल! ठरवलंय मी. हे मी घरी नेणार. इतका वेळ इथं कोण आलं न्हाई न्यायला, म्हंजी बेवारशी हाय. कारवान हाय कारवान! पोट बघ, छाती बघ. आन तुझं ते उद्या किल्लारीला."

"पण ते उंबऱ्यावर असलं तर?"

"असलं तरी! ह्याच्यापुढं ते काय टिकतंय?"

वैजनाथ मनात हिशोब मांडू लागला. खरं सांगावं तर बादशाने उंबरा सोडला, म्हणजे किल्लारी. खरं सांगू नये तर बादशा बादशापुढे हरला, म्हणजे पुन्हा किल्लारी. पण घरी मात्र बादशाच जाणार. भरल्या पोटाने हे सगळं जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तेच बरोबर."

आयुष्यात पहिल्यांदाच तो हे मनापासून म्हणत होता.

दिवेलागणीला वरात घरी आली. पुढे जगदेवीबाई, मागे अण्णाराव आणि त्यांच्या काखेत बसलेला बादशा. उंबरा रिकामा होता.

"न्हाई!" अण्णाराव विजयाने गरजले. "बघा! सांगितलं व्हतं का न्हाई? पळालं!"

जगदेवीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग काखेतल्या कुत्र्याकडे. कुत्र्याने त्यांना बघून जीभ बाहेर काढली. त्यांनी पदर तोंडात धरला.

"हे कोण?"

"पाव्हणा," वैजनाथ घाईघाईने म्हणाला.

"बरं," जगदेवीबाई म्हणाल्या आणि आत जाऊन रोजचीच ताटली घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी, पळालेलं सापडलं असं सांगून आणि ते नेल्यासारखं दिसावं म्हणून, वैजनाथ रिकामं पोतं घेऊन जीपने खरोखर किल्लारीला गेला, मामीच्या हातचं जेवला आणि परत आला. "पोचवलं का?" अण्णारावांनी विचारलं. "पोचवलं," तो म्हणाला. तिसऱ्याच दिवशी अण्णाराव नव्या कुत्र्याला घेऊन गल्लीभर फिरले; गल्लीने तो ओळखला, पण वैजनाथने सगळ्यांना आधीच खूण करून ठेवली होती. उंबऱ्यावर बसवलं की कसा बसतो हे त्यांनी जो भेटेल त्याला दाखवलं, आणि शिकवलं कुणी असं कुणी विचारलं, की ते नुसते मिशीत हसत.

संक्रांतीच्या सुमाराला मात्र ते जरा गप्प गप्प राहू लागले. एका संध्याकाळी बादशाचं डोकं मांडीवर घेऊन ते ओसरीवर बसले होते.

"वैजनाथ."

"काय अण्णा?"

"किल्लारीला कसं हाय रं ते?"

"बरं हाय की."

"बिचारं." अण्णारावांनी बादशाच्या पडक्या कानावरून हात फिरवला. "तोंडसुदिक बघितलं न्हाई मी त्याचं. फेटा काय, येत राहतो. उगं राग धरला. उद्या जा आन घेऊन ये त्याला."

वैजनाथने चहा खाली ठेवला. "अण्णा, पण हा हाय की!"

"म्हणूनच म्हणतोय. दावणीला एकटं जनावर मला बघवत न्हाई. दोघांची जोडी करू. दिसाय सारखेच असले तर लई भारी."

वैजनाथने बादशाकडे पाहिलं. बादशा निश्चिंत बसला होता, त्याला हलायचं नव्हतं. मग त्याने मोठ्या आशेने आईकडे पाहिलं.

"आणा की," जगदेवीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मलाबी एकदा बघायचंय, कसं दिसतंय ते."