बीच न्हाई, बीचोबीच

आमच्या शेजारचे सोनकांबळे काका परगावी गेले की लॉजची खोली आधी बघत नाहीत. पिशव्या काकूंच्या हातात देऊन ते लॉजच्या दारात उभे राहतात आणि चारी बाजूंना मान फिरवतात. बसस्टँड दिसलं, रिक्षांचा कलकलाट ऐकू आला, समोर भज्याची कढई उकळताना दिसली, की म्हणतात, "हाव. ही जागा बीचोबीच हाय."

गावाच्या बीचोबीच राहायचं, हा त्यांचा धर्म. लातूरला पुतण्याचं लग्न होतं. मुलीकडच्यांनी गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात एसी खोल्या दिल्या होत्या. खिडकीबाहेर बाग, कारंजं. काकांनी कारंजाकडे संशयानं पाहिलं आणि काकूंना घेऊन थेट गंजगोलाईच्या भर बाजारातल्या एका लॉजवर गेले. मुलीकडचे रुसले. त्यांची समजूत काढण्यात हळदीचा मुहूर्त टळला. काका मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होते, "पहाटेपासून हमालांचा आवाज! लई झ्याक झोप लागली."

त्यांची निम्मी नोकरी विष्णुपुरीच्या धरणावर गेली. त्यामुळे पाण्याबद्दल त्यांचं मत पक्कं. "पाण्याला दरवाजे पाहिजेत. समुद्राला हायत का? मग त्याचा काय भरोसा?"

म्हणून आम्ही नवरा-बायको आणि ते दोघं असे रत्नागिरीला जायचं ठरलं, तेव्हा मला पुढचं भांडण आधीच दिसत होतं. मी फोनवर समुद्राकाठचं एक घर दाखवलं. काकांनी चष्मा वर केला.

"ऐक माय. बीच न्हाई, बीचोबीच. रत्नागिरीत स्टँडजवळ राहू. सकाळी समुद्र बघू, वापस येऊ. लग्नाला गेलो म्हणून माणूस मांडवात झोपतो का?"

"पाव्हणे झोपतातच की," मी म्हणाले.

"ते बिनकामाचे ऱ्हातात."

एवढ्यात आतून काकू आल्या. काकू कमी बोलतात. काकांशी संसार करायचा तर दुसरा उपाय नाही. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. न्हाई तर मी यायचीच न्हाई."

काकांनी चष्मा खाली केला. मग म्हणाले, खाऱ्या हवेनं सांधे धरतात. मग म्हणाले, तिथं घरात खेकडे शिरतात. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. खेकडे वाया गेले.

समुद्राकाठी पोचल्यावर काकांनी अंगणातली खुर्ची उचलली आणि समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसले. काकू साडी वर खोचून पाण्यात. लाट आली की लहान पोरीसारख्या किंचाळायच्या. काकांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. "रुसलेत," माझा नवरा म्हणाला. आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी मला बाजारात जायचं होतं. अंगणाबाहेर माडाखाली एक रिक्षा उभी होती. आदल्या दिवशीही तिथंच होती.

"बुक आहे, ताई," रिक्षावाला म्हणाला. "त्या खुर्चीतल्या आजोबांनी दिवसभराची केली आहे. जायचं कुठं नाही, फक्त उभं राहायचं. काल मात्र मला रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत नेलंनी. आत गेलेच नाहीत. रस्ता कसा आहे ते बघून परत."

मी काकांपाशी गेले. "तब्येत बरी नाही का, काका?"

"मला काय होतंय?" ते रस्त्याकडेच बघत होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "किनवटकडं बदली होती तवा हिच्या छातीत कळ आली. जंगलातलं गाव. गाडी न्हाई, घोडा न्हाई. शेवटी बैलगाडीत घातलं. माझ्या मांडीवर डोकं, आन् मी नुसता 'बोल, बोल' करून राहिलो. ती बोलतच न्हाई." त्यांनी रिक्षाकडे एक नजर टाकली. "वाचली. डॉक्टर म्हणले, अजून उशीर झाला असता तर... तिला काई सांगू नको, माय. भेदरली तर पाण्यात उतरायची न्हाई."

काका खुर्ची जरा सरकवून पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

संध्याकाळी मी चहा केला. काकू ओल्या साडीनं वर आल्या, अर्धा कप उभ्याउभ्याच प्यायल्या आणि पुन्हा पाण्याकडे निघाल्या. दारात थांबून हळूच म्हणाल्या, "त्या रिक्षावाल्याला बी दे ग एक कप. कालपासून माझ्यापायी बसून हाय बिचारा."