लुगडी मागणारा वार्ताहर

दौलतभाऊ कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा गिलास हातात घेण्याआधी विचारतात, "जुनं लुगडं आहे का बाई?"

लग्नघरात विचारतात, तेरवीलाही विचारतात. आमच्या चंद्रपूरच्या कचेरीत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, तेही सगळ्या स्टाफदेखत. मी उपसंपादक, हातात त्यांचीच बातमी, डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, मी इथे बोहारणीचा धंदा मांडलाय असं तुम्हाला कोणी सांगितलं? गृहस्थ हलले नाहीत. "सुती असन तं बरं," म्हणाले, "नायलॉनवरून फूल घसरते." काय बोलायचं अशा माणसाला! संध्याकाळी घरी हे रागारागाने सांगितलं, तर आईने उठून कपाटातली सात लुगडी काढून ठेवली. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्यापेक्षा दौलतभाऊंची चौकशी जास्त होते.

दौलतभाऊ आमचे चामोर्शीचे वार्ताहर. पोटापाण्याला शिंपीकाम. आठवडी बाजार भरतो तिथे एका टपरीत त्यांची मशीन आहे. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि बातमी सगळी मापं घेता घेता गोळा होते. छातीचं माप घेताना माणूस श्वास रोखतो आणि सोडताना खरं बोलतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. मी हसले होते, पण तालुक्यातली कुठलीही भानगड पोलीस ठाण्याआधी त्यांच्या टपरीत पोचते हे मी मानलंय.

त्यांची जंगलाची आणि हवामानाची बातमी मात्र वाचावी अशी असते. "यंदा थंडी चार बोटं आखूड निघाली. उन्हाळा ढगळ आला आहे, कमरेत मारून घेणे जरूर." मी ते सगळं खोडलं आणि 'हवामान बदलाचे परिणाम' असं छान सरकारी वाक्य घातलं. दुसऱ्या दिवशी फोन आला की बाई, तुम्ही माझ्या बातमीची बाही कापली. मी म्हटलं, मग किती डिग्री ते तरी लिहा. "डिगरी तुमाले समजते," ते म्हणाले, "मी मापात सांगतो. पयले सुती झंपर शिवाले बाया चैतात येत. आता माघातच येऊन राह्यल्या." मी फोन ठेवला आणि तेच वाक्य जसंच्या तसं छापलं. त्या बातमीवर जितकी पत्रं आली तितकी संपादकांच्या अग्रलेखावर मी तरी कधी पाहिली नाहीत.

आता लुगड्यांचं सांगते. मोहाचं फूल पहाटेपासून गळतं. झाडाखाली वाळला पाला असतो, त्यात फूल दिसत नाही. म्हणून आधी पाला पेटवायचा, जमीन साफ करायची आणि मग वेचायचं, ही जंगलातल्या गावांची जुनी रीत. पूर्वी रात्रीच्या दवाने ती आग आपली आपण विझायची. आता दव धड पडत नाही, पाला लवकर कडक होतो, वारा केव्हाही सुटतो, आणि बांधावर लावलेली आग जंगलात शिरते. दौलतभाऊंनी यावर शिंप्याचा उपाय काढला. चार-पाच लुगडी जोडून शिवायची, खुंट्या ठोकून झाडाखाली ताणून बांधायची. फूल कापडावर पडतं, मातीही लागत नाही, आणि पाला जाळायचं कामच उरत नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जागी आहे की झोपेत, हेच कळेना. ऊन अजून आलं नव्हतं. झाडांखाली हिरवी, जांभळी, मोरपंखी लुगडी जमिनीपासून हातभर वर तरंगत होती आणि त्या गोड वासाने डोळे जड होत होते. माझ्या आईचं डाळिंबी लुगडं मला लांबूनच ओळखू आलं. मी उगाच त्याच्या काठावरून हात फिरवला.

सगळीकडे कौतुकच झालं असं नाही. एका टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या वस्तीवर, अस्वलाने आयत्या वाढलेल्या ताटावर मनसोक्त ताव मारला आणि तिथेच लोळून गेलं. बाया दौलतभाऊंवर तुटून पडल्या की तुमच्यामुळे अस्वलाची पंगत बसली. दौलतभाऊंनी उसवलेला काठ शांतपणे तपासला. अस्वल वजनाला बरंच आहे, दुहेरी शिलाई घालावी लागेल, असं म्हणून ते तिथेच सुईत दोरा ओवायला बसले.

या वर्षी फुलं लवकर गळायला लागली. लुगडी पोचायच्या आधीच एका टोल्यामागची टेकडी पेटली आणि चांगलीच जळाली. कोणी वेचणारीने पाला पेटवला होता, हे उघड होतं. दौलतभाऊंनी बातमीत लिहिलं, 'आग अज्ञात व्यक्तीकडून लागली.' अज्ञात? ज्या माणसाला तालुक्यातल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप पाठ आहे, त्याला एक नाव माहीत नाही? संपादक चिडले. नाव छापलं की बाकीचे शहाणे होतील, असं त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. ते मला म्हणाले, चामोर्शीला जा आणि एक तर नाव आण, नाही तर त्यांचं वार्ताहराचं कार्ड.

मी टपरीत जाऊन हे सांगितलं. दौलतभाऊंनी मशीनचा खण उघडला, कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "घ्या बाई. नाव नाई भेटन."

मला असा राग आला! मी म्हटलं, एवढ्या वर्षांचं काम एका नावापायी टाकून देता? काऊन? त्यांनी पायडलवरचा पाय काढला. मग हातातल्या कापडाकडे बघत त्यांनी सांगितलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने, भामाबाईंनी, आपल्या मोहाखालचा पाला पेटवला होता. वारा फिरला आणि जंगल दोन दिवस जळत राहिलं. बातमी दौलतभाऊंनीच लिहिली आणि पहिल्यांदा खोटं लिहिलं, 'अज्ञात व्यक्ती'. भामाबाईंना वाचता येत नव्हतं. पेपर आला की त्या रोज विचारायच्या, माझं नाव आलं का आज? ते नाही म्हणायचे, पण बाईंचा विश्वास बसायचा नाही. त्या पुन्हा कधी मोहाखाली गेल्या नाहीत. फुलं गळायची, सडायची, वास घरापर्यंत यायचा, आणि त्या दार लावून बसायच्या. अशाच एका मोसमात त्या वारल्या.

"म्या नाव छापलं नाई, तरी ते आतून जळतच राह्यली," दौलतभाऊ म्हणाले. "जिचं छापून येईन तिचं का होईन, बाई?"

मी कार्ड उचललं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात घातलं. त्या रात्री मी चामोर्शीत मावशीकडे राहिले, आणि पहाटे दौलतभाऊंच्या मोपेडवर मागे लुगड्यांचं गाठोडं धरून त्या टोल्यावर गेले.

आग रैनाबाईंच्या हातून लागली होती, हे दौलतभाऊंनी वाटेत मला सांगितलं. त्यांचं दार बंद होतं. टेकडी पेटल्यापासून त्या घराबाहेर आल्या नाहीत, असं शेजारणीने हळूच सांगितलं. त्यांचा बांधावरचा मोह मात्र वाचला होता. दौलतभाऊंनी हाक मारली नाही की काही विचारलं नाही. खाली पडलेली फुलं गोळा करून आम्ही लुगडं ताणलं. मी एक टोक धरलं, त्यांनी बाकीची बांधली, आणि आम्ही झाडाखाली बसून राहिलो. मागे काळी टेकडी होती, वर फिकं आभाळ, आणि कापडावर एकेक फूल टप् टप् पडत होतं. मधेच संपादकांचा फोन आला. नाव मिळालं का? मी त्या बंद दाराकडे बघत म्हटलं, नाही मिळालं सर. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. रैनाबाई टोपलं घेऊन आल्या आणि आमच्याकडे न बघता लुगड्याच्या काठाशी बसल्या. एक फूल उचललं, थोडा वेळ हातातच धरलं, मग टोपल्यात टाकलं. मग दुसरं उचललं.

दौलतभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

"म्या भामीचं फकस्त नाव लपवलं, बाई," ते म्हणाले. "तिले हात धरून असं झाडाखाली आणाले पायजे होतं. ते मले सुचलंच नाई."