मयताने मध्ये बोलू नये

गेल्या चार महिन्यांत डोंगरातल्या व्रानदोल गावात एकही माणूस मेला नव्हता, आणि त्यामुळे सरपंच स्नेझाबाई हवालदिल झाल्या होत्या.

गुरुवारी शहरातून कलासमिती येणार होती. डोंगरातल्या गावांत जुनी कला जिवंत आहे का ते पाहायचं, आणि असेल तर गावच्या कलाघराला मदत द्यायची, असं तिचं काम. कलाघराचं छप्पर गळत होतं. मदत मिळाली नाही तर हिवाळ्याआधी दाराला कायमचं कुलूप लागणार, हे ठरलेलं होतं.

त्या कुलपाची किल्ली दोब्रीकाकांच्या खिशात असे. त्यांची बायको रूसा तिथे गावातल्या बायकांना गाणी शिकवायची. ती गेली, तिच्यामागून बायकाही एकेक करून गेल्या. पण काका रोज संध्याकाळी जाऊन शेगडी पेटवायचे आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहायचे. घरी रूसा नव्हती. तिथे थोडीफार होती.

गावात आता एकच कला उरली होती, वेलिकाबाईंचं रडणं. मयताच्या उशाशी बसून त्या हेल काढू लागल्या की दगडालाही पाझर फुटे. त्यात मेलेल्याचे गुण यायचे, अवगुणही यायचे, आणि त्याच्या आधी गेलेल्यांना त्याच्याबरोबर निरोपही धाडले जायचे.

"खुर्चीवर बसायचं आणि थोडं रडायचं, मावशी," स्नेझाबाई म्हणाल्या. "नमुना म्हणून."

"कुणासाठी?"

"असंच."

"असंच रडलं की घरात मरण येतं. समोर मयत पाहिजे."

स्नेझाबाई मयत शोधत गुत्त्यावर गेल्या. एरवी 'आता देवाने उचलावं' म्हणणारी सगळी म्हातारी मंडळी त्या दिवशी ठणठणीत निघाली. एकाची म्हैस विणार होती. घंटा वाजवणारा तानास म्हणाला, "मी मेलो तर घंटा कोण वाजवणार?" मग सगळ्यांनी हळूहळू दोब्रीकाकांकडे पाहिलं.

"तिच्यापुढे मी मरणार नाही," काका म्हणाले.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वेलिका आणि रूसा लहानपणापासूनच्या मैत्रिणी. दरीत ट्रक कोसळून मेलेल्या अनोळखी ड्रायव्हरसाठीसुद्धा वेलिका रडली होती, पण रूसाच्या मयताला ती आलीच नाही. आठवडाभर आधी बांधावरच्या आलुबुखाराच्या झाडावरून दोन्ही घरांत कडाक्याचं भांडण झालं होतं. एका झाडापायी तिने रूसाला विलापाशिवाय, मुकं पाठवलं, असं काकांनी मनात धरलं, आणि नऊ वर्षं ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

"काका, छप्पर," स्नेझाबाई एवढंच म्हणाल्या.

काकांनी खिशातली किल्ली चाचपली. "नुसतं पडून राहायचं ना?"

"नुसतं. फक्त बोलायचं नाही."

"तिच्याशी न बोलण्याची सवय आहे मला."

पण वेलिकाबाई अर्धवट मयतासाठी रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सांगून पाठवलं: अंगावर लग्नातला कोट हवा, पायांत नवे बूट, हातांत मेणबत्ती, आरशावर कापड, आणि घंटा. शिवाय दारावर फोटोसकट निधनाचा कागद, कारण कागद लागल्याशिवाय व्रानदोलमध्ये कुणी मेल्याचं धरत नाहीत. स्नेझाबाईंनी कागद छापला आणि वाऱ्याने उडाला तर काय म्हणून दुसरा बसथांब्यावर चिकटवला.

तो कागद पावाच्या गाडीवाल्याने वाचला. गाडी खोऱ्यातल्या सगळ्या गावांत जाते, आणि पावाबरोबर बातमी द्यायची त्याची जुनी पद्धत.

गुरुवारी तानासने घंटा वाजवली तेव्हा समितीची गाडी चढण चढत होती, आणि तिच्यापुढे व मागे अर्धं खोरं चढत होतं. कुणी साखर घातलेले उकडलेले गहू आणले, कुणी राकिया दारूच्या बाटल्या, कुणी पुष्पचक्र. खालच्या गावचे धर्मगुरूही आले. समिती पहिल्या रांगेत बसलेली असताना 'मेलेला जिवंत आहे' हे सांगणार कोण? स्नेझाबाईंनी दोन-चार जणांच्या कानात सांगून पाहिलं. "बिचारीला धक्का बसलाय," असं म्हणून लोकांनी त्यांनाच पाणी पाजलं.

रंगमंचावरच्या टेबलावर दोब्रीकाका डोळे मिटून पडले होते. लोक येऊन कपाळाला ओठ लावत होते. "सोन्यासारखा माणूस," असं खालच्या गावचा गिरणीवाला म्हणाला, तेव्हा काकांना आश्चर्य वाटलं, कारण गेल्याच महिन्यात त्याने त्यांना गाढव म्हटलं होतं.

मग खुर्ची सरकली. वेलिकाबाई उशाशी बसल्या आणि त्यांनी हेल काढला.

"कुठं निघालास रे दोब्री, नवे बूट घालून? जुने कधी पुसले नाहीस रे, नव्यांना चिखल लावशील. छप्पर गळलं तर बादली ठेवलीस रे, शिडी नाही लावलीस. माझ्या झाडाची फांदी तोडलीस रे, सावली तुझ्याच अंगणात पडत होती…"

काकांच्या ओठांपर्यंत उत्तर आलं. त्यांनी ते गिळलं. एवढ्यात त्यांच्या कोटाच्या खिशातला फोन वाजू लागला. प्लोवदिव शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, असेनला, कुणीतरी कळवलं होतं. सगळ्या माना त्या खिशाकडे वळल्या. वेलिकाबाई जराही थांबल्या नाहीत.

"पोर हाक मारतंय रे दोब्री! जिता होतास तेव्हा उचलला नाहीस, आता कसा उचलशील रे…"

सगळं सभागृह हुंदके देऊ लागलं. समितीच्या प्रमुख त्सेनोवाबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. फोन वाजून वाजून गप्प झाला. मग वेलिकाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"आता तिकडं जाशील तर रूसाला माझा निरोप सांग रे. सांग, वेलिका आली होती. फाटकापर्यंत आली होती. झाडाचा राग नव्हता ग, घसा मिटला होता. परक्यांसाठी आवाज येतो ग रूसा, आपल्या माणसासाठी येत नाही. फाटक धरून उभी राहिले आणि मुक्यानं परत गेले…"

दोब्रीकाका उठून बसले.

"नऊ वर्षं!" ते म्हणाले. "नऊ वर्षं हे सांगायला काय झालं होतं तुला?"

खरं ठाऊक असूनही तानास टेबलाखाली शिरला. गिरणीवाला पुष्पचक्रासकट मागच्या रांगेवर कोसळला. धर्मगुरूंनी एकदा क्रूसाची खूण केली, मग खात्रीसाठी पुन्हा केली.

वेलिकाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "असलं काही जित्या माणसाला सांगतात का?" त्या म्हणाल्या. "मेल्यावर सांगायचं असतं. रीत आहे. आणि मयताने मध्ये बोलू नये."

"मला वाटलं, तू झाडापायी…"

"मूर्ख आहेस. आताच रडताना तेवढं राहिलं सांगायचं."

काका टेबलावर बसून रडू लागले. हातातली मेणबत्ती अजून जळत होती. ती वेलिकाबाईंनी काढून घेतली आणि विझवली, कोट जळू नये म्हणून.

गोंधळ निवळायला, असेनला फोनवर खरं सांगायला आणि राकिया संपायला बराच वेळ लागला. त्सेनोवाबाई शेवटी उभ्या राहिल्या. मयत उठून बसल्याबद्दल समितीच्या नियमांत काही नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. "कला जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पण मदतीला एक अट आहे. ही कला शिकतंय कोण?"

समिती सोडली तर सभागृहात साठीच्या आतलं असं कुणी नव्हतंच.

"मी," दोब्रीकाका म्हणाले.

"पुरुष रडत नाहीत हे," वेलिकाबाई म्हणाल्या.

"मग हे आत्ता काय चाललंय?"

पहिला बर्फ पडायच्या आत छप्पर झालं. दर बुधवारी कलाघरात शिकवणी सुरू झाली. टेबलावर आळीपाळीने सगळ्यांनी पडायचं. तानास पडला, स्नेझाबाई पडल्या, हौसेने गिरणीवालाही येऊन पडला. त्याच्या वेळी काकांनी गाढव शब्दाची सव्याज परतफेड केली. आवाज कावळ्याचा, पण हेल जमू लागला. लोक शेगडीभोवती बसून ऐकायचे आणि खुर्च्या कमी पडायच्या.

हिवाळा सरता सरता एका बुधवारी वेलिकाबाईंनी बूट काढले आणि त्या स्वतः टेबलावर जाऊन पडल्या. "चल. माझी पाळी."

काका उशाशी बसले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं; झाडाचंच तासभर पुरलं असतं. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. पुन्हा घेतला. शेगडीतलं लाकूड तडतडलं तेवढाच आवाज.

वेलिकाबाईंनी एक डोळा उघडला. "काय झालं?"

काकांनी नुसता घशाला हात लावून दाखवला.

वेलिकाबाई उठून बसल्या आणि बूट शोधू लागल्या.

"म्हणजे मला मरायची सोय राहिली नाही," त्या म्हणाल्या. "दे ते बूट."