बेंजामिनमामांची बायबलं

बेंजामिनमामा चर्चला येताना एक नाही, पाच बायबलं आणत. जुन्या मराठीतलं, सुधारलेलं, सोप्या मराठीतलं, इंग्रजी आणि कॅथलिकांचं. पाळकसाहेब वाचू लागले की मामांचं बोट पाचही पुस्तकांतून फिरायचं आणि आम्ही मनातल्या मनात प्रार्थना करायचो, आज तरी सगळीकडे सारखंच निघू दे.

निघायचं नाही.

मामा माझे शेजारी. नागापूरच्या एमआयडीसीत त्यांनी तीस वर्षं नटबोल्ट तपासले. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून देवाचं वचन हाती घेतलं. एका रविवारी पाळकसाहेब सोप्या प्रतीतून मत्तयाचं शुभवर्तमान वाचत होते. सतराव्या अध्यायातलं विसावं वचन संपलं आणि ते थेट बाविसाव्यावर गेले. मामा उभे राहिले.

"एकविसावं कुठं गेलं?"

पाळकसाहेबांनी समजावलं, की सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत ते सापडत नाही. पुढे कुणा नकलणाऱ्यानं दुसऱ्या शुभवर्तमानातून घातलं असावं. म्हणून नव्या प्रतीत ते खाली टीपेत आहे.

"मग मूळ दाखवा."

"मामा, मूळ कुणाकडेच नाही. नकलांच्या नकला आहेत सगळ्या."

"आमच्या कंपनीत नमुन्याशिवाय साधा बोल्ट पास होत नव्हता," मामा म्हणाले आणि पुढचा तासभर बोलतच राहिले. ते हरवलेलं वचन प्रार्थना आणि उपासाबद्दल आहे. प्रार्थना राहिली, उपास मात्र सगळ्या मंडळीला घडला.

मामांच्या भाचीचं लग्न कॅथलिक घरात ठरलं, तेव्हा सोयऱ्यांना मामांचा पहिला प्रश्न, "तुमच्या बायबलात, जुन्या करारात, सात पुस्तकं जास्त आहेत. वाचलीत का?" सोयऱ्यांनी एकही वाचलं नव्हतं. मामांनी सातही वाचली होती. जेवण होईपर्यंत पंगतीलाही ती माहीत झाली.

त्यांच्या बायकोला, रूथमामींना, वाचता येत नसे. मामी घोडेगावच्या. गेल्या हिवाळ्यात त्या दवाखान्यात होत्या आणि मी डबा घेऊन गेलो होतो. मामी म्हणाल्या, "मेंढपाळाचं वाचा." मामांनी जुन्या प्रतीतून तेविसावं स्तोत्र वाचलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', एकेक शब्द स्वच्छ. मामी मान हलवत राहिल्या.

"असं न्हाई ते. माजी आई म्हनायची तसं म्हना."

आईसुद्धा निरक्षर. गावात येणाऱ्या उपदेशकाच्या तोंडून ऐकलेलं तिनं आपल्या बोलीत पाठ केलं होतं. मामी डोळे मिटून म्हणू लागल्या, "देव माजा धनगर हाय, मला काय बी कमी पडायचं न्हाई..." मधली एक ओळ गळली. एक दुसऱ्याच स्तोत्रातली घुसली. मी मामांकडे बघितलं. आता चुका काढत सुटणार, असं वाटलं.

मामांनी पेन काढलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहू लागले.

"सावकाश सांग," ते म्हणाले.

आठवड्याभरात मामी गेल्या. कबरीपाशी पाळकसाहेबांनी भीतभीत विचारलं, कोणत्या प्रतीतून वाचू? मामांनी ती चिठ्ठी पुढे केली. पाळकसाहेबांनी ती दोनदा पाहिली आणि हळूच म्हणाले, "मामा, थोडं शुद्ध करून घेऊ का?"

"नको," मामा म्हणाले. "ती म्हणायची तसंच वाचा."